मक्यातला झेंडा

ऑक्टोबर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील टॉलिव्हर गावाबाहेर, व्हर्ना डील हिच्या शेतावर उभारलेल्या मक्याच्या भूलभुलैयात, लोवेल टॅगर्ट नावाचा पंचेचाळिशीचा गृहस्थ भर दुपारी आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसह शिरला. पाच वाजता ही मुलगी त्याला महामार्गाच्या फाट्यावरील पेट्रोल पंपावर तिच्या आईच्या स्वाधीन करायची होती. बुधवारी न्यायाधीश मुलीला आपल्या दालनात बोलावणार होते आणि विचारणार होते की, आई नाताळापूर्वी ओरेगनला राहायला जाते आहे, तर तू तिच्याबरोबर जाणार, की इथे वडिलांजवळ राहणार? ओरेगन म्हणजे गाडीने तीन दिवसांची वाट. तिकडे गेलेली मुलगी एक आड एक शनिवारी बापाकडे येऊ शकत नाही. लोवेलच्या वकिलाने त्याला बजावले होते, "दोनदा उशीर केलाय तुम्ही. तिसऱ्यांदा केलात, तर मी न्यायाधीशांपुढे तोंड उघडणार नाही."

लोवेल एका प्रादेशिक वृत्तपत्रात शनिवार-रविवारच्या सहलींचे सदर लिहीत असे. कोणत्या गावात न्याहारी कुठे करावी, कोणत्या कड्यावरून नदी पाहावी, कोणत्या गुहेत नावेतून जाता येते आणि परतताना चीज कोणाकडून घ्यावे, हे त्याला तोंडपाठ होते. त्याच्या सदरात कोणतेही गाव वाईट नसे आणि कोणत्याही गावाला सोमवार नसे. दोन दिवसांत गाव कळत नाही, असा आक्षेप अशा लेखनावर नेहमी घेतला जातो. तो मला मान्य नाही. पाहुण्याला गाव कळावे अशी अपेक्षाच नसते. त्याला बरे वाटावे, एवढेच गावाचे कर्तव्य. चूक तेव्हा होते, जेव्हा माणूस पाहुण्याची ही रीत घरी आणतो. घटस्फोटानंतर लोवेलने तेच केले. मुलगी त्याच्या वाट्याला आली की तो तिला गाडीत घाली आणि नवे गाव गाठी. ब्रिनने (मुलीचे नाव ब्रिन) त्याच्या नव्या घरातली स्वतःची खोली फार तर निजेपुरती पाहिली होती.

त्या रविवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर तिने विषय काढला होता.

"बाबा, आज घरी जाऊया ना. तुझ्या घरी."

"घरी काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच. तू पॅनकेक कर, मी सोफ्यावर लोळते."

"पॅनकेक इथे आहेत की. अख्ख्या परगण्यात नावाजलेले."

"नावाजले कोणी? तूच लिहिलंस ना ते?"

कॉफी ओतणारी बाई खुदकन हसली. "पोरीनं पकडलं बघा तुम्हाला," ती म्हणाली. लोवेलही हसला, पण बेत बदलला नाही. बुधवारी न्यायाधीशांसमोर बसताना मुलीला एक तरी लख्ख दिवस आठवावा, आणि त्या दिवसात बाप असावा, एवढीच त्याची इच्छा होती. शनिवार तसा झाला नव्हता. चीजचा कारखाना बंद निघाला, गुहेतल्या नावेत ब्रिनला मळमळले, आणि जुन्या वसाहतवाल्यांच्या संग्रहालयात ती एका चरख्याशेजारी बसून पेंगली. आता उरली होती रविवारची दुपार, आणि दुपारच्या वाट्याला आला होता मका.

फाटकाशी व्हर्ना डील उभी होती. साठी उलटलेली, नारिंगी जाकीट घातलेली, आवाजाने शेतकरीण. तिने लोवेलच्या हाती उंच काठीला बांधलेला लाल झेंडा दिला.

"हरवलात की हा वर धरायचा. मी त्या मचाणावर असते, येऊन घेऊन जाईन. धाटं तुडवून पलीकडं जायचं नाही, तिकडचा मका विकायचा आहे. आणि लाजायचं नाही. दर रविवारी ढीगभर झेंडे वर होतात."

"आम्हाला नाही लागायचा," लोवेल म्हणाला.

"सगळे बाप हेच म्हणतात." व्हर्ना ब्रिनकडे वळली. "पोरी, झेंडा तू धर बरं."

पण झेंडा लोवेलने धरला होता आणि काठीसारखा टेकत तो आत निघालाही होता. दोघांचे फोन गाडीत होते. या दोन दिवसांत फोन नको, आपण बोलू, हा नियम त्यानेच घातला होता.

आत शिरताच त्याने आपली रीत समजावून सांगितली. उजवा हात धाटांच्या भिंतीला लावून ठेवायचा आणि चालत राहायचे. कोणताही भूलभुलैया सुटतो. हे तत्त्व खोटे नाही, पण त्याला एक अट आहे: सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या हव्यात. व्हर्नाने मध्ये मक्याची कित्येक बेटे बाकीच्या भिंतींपासून सुटी ठेवली होती. अशा बेटाला हात लावून चालणारा माणूस त्याभोवती आयुष्यभर फिरेल, आणि आपण नियम पाळतो आहोत या समाधानात फिरेल.

वाटेत एका वळणावर निळ्या टोपीचे बुजगावणे होते. ते पुन्हा आले. मग आणखी एकदा.

"बाबा, हा टोपीवाला आता आपल्याला ओळखायला लागलाय."

"तो वेगळा आहे. तसली बरीच असतात."

"त्याच्या खिशात माझ्या डोनटचा कागद आहे. मघाशी मीच कोंबला."

लोवेलने कागद काढून पाहिला, पुन्हा खिशात ठेवला आणि म्हणाला, "मग कुठंतरी आपला हात सुटला असणार. रीत चुकत नाही."

"तुझी रीत कधीच चुकत नाही. आपणच चुकतो."

सुरुवातीला वाटांवर लहान मुलांचा किलबिलाट होता. हळूहळू तो विरला. फाटकाकडून गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले आणि दूर गेले. वाळलेली पाने एकमेकींवर घासत होती. सावल्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर पोचल्या, तेव्हा लोवेलने घड्याळ पाहिले. आत्ता निघाले तरच पाचपर्यंत फाटा गाठता आला असता.

तेवढ्यात मचाणावरून कर्ण्यातून आवाज आला. "अहो, निळ्या जाकीटवाले! बरं चाललंय ना?"

"एकदम मस्त!" लोवेल ओरडला. "काही काळजी नको!"

परक्या माणसाला हे उत्तर वेडेपणाचे वाटेल. आमच्याकडे ते वाटत नाही. आमच्या भागात घराला आग लागली असली, तरी शेजाऱ्याने कुंपणापलीकडून विचारल्यावर 'ठीक आहे, तुमचं कसं काय?' हेच ओठांवर येते. याला कोणी सोशिकपणा म्हणतो. मी म्हणत नाही. सोशिक माणसाला आपण काय सोसतो आहोत हे ठाऊक असते. आम्हाला प्रश्न कानावर पडण्याआधीच उत्तर सुचलेले असते.

ब्रिन त्याच्याकडे पाहतच राहिली. "तू काय म्हणालास?"

"सवयीनं तोंडातून गेलं."

"मग आता खरं सांग तिला."

"ती वळली पलीकडं. ऐकू नाही जायचं."

"झेंडा वर कर."

"आणखी एकच वळण. आता लागतंय, मला दिसतंय."

वळण आले, आणि त्याच्या टोकाला निळी टोपी होती. लोवेलने मुलीचा हात धरला आणि तो धावू लागला. उजवा हात, डावा हात, सगळे नियम सुटले. बंद वाटा, पुन्हा मागे, पुन्हा बंद वाट. त्याच्या छातीचा भाता झाला होता.

"बाबा, थांब! आई तिथं उभी असेल. घाबरेल ती."

"घाबरणार नाही. मी उशीर करणार, हे तिला पाठच आहे." तो थांबला, धापा टाकत तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "ब्रिन, आज उशीर झाला तर सगळं संपलं. कळतंय का तुला? सगळं."

"म्हणून तर म्हणतेय! झेंडा वर कर ना!"

"वर केला की ती बाई येणार, हाताला धरून आपल्याला बाहेर काढणार. मग बुधवारी तुला काय आठवणार? बाप मक्यात हरवला, हेच ना?"

 ब्रिनची मान खाली गेली. त्या वेळी तो झेंडा वर गेला असता, तर पुढचे काही घडले नसते, असे मला वाटते; पण लोवेलने भलतेच केले. ज्या माणसाने आयुष्यात मनाईची पाटी असलेल्या हिरवळीवर कधी पाय टाकला नव्हता, त्याने धाटांच्या भिंतीत खांदा घातला आणि मुलीला ओढत तो आरपार घुसला.

पलीकडे वाट नव्हती. पलीकडे विकायचा मका होता, टेकडीपर्यंत पसरलेला, ओळीमागे ओळ, सगळ्या सारख्या. करवतीसारखी पाने तोंडावर फटकारत होती. झेंड्याची काठी धाटांत अडकत होती. ती सोडवायला तो थांबे, आणि सोडवल्यावर आपण कोणत्या दिशेने आलो हे त्याला आठवत नसे. कुठूनतरी कापणीच्या यंत्राची घरघर सुरू झाली. ती आधी डावीकडे होती, मग समोर, मग सगळीकडे. ब्रिन अडखळून पडली. तिच्या गालावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

"कोणी आहे का?" लोवेल ओरडला. "अहो! इथं! कोणीतरी या!"

आता त्याचा आवाज खरा होता, पण तो यंत्राच्या घरघरीत बुडाला. तो जागच्या जागी फिरला. झेंडा त्याने छातीशी घट्ट धरला होता, जणू तो कोणी हिसकावून घेणार होते. त्याच्या ओठांवर काहीतरी चालले होते; ब्रिनने कान दिला, तेव्हा 'आणखी एक वळण, आणखी एक वळण' असे ते होते.

"बाबा, दे इकडं."

त्याची बोटे तिला एकेक करून सोडवावी लागली.

"खाली बस."

तो बसला. लहानपणी जत्रेत बसायची तशी ती त्याच्या खांद्यांवर बसली. आता तिचे पाय लांब होते आणि त्याच्या गुडघ्यांना ओझे पेलवत नव्हते. तरी तो उठला. ब्रिनचे डोके तुऱ्यांच्या वर आले आणि तिला मचाण दिसले. ते त्यांच्या पाठीशी, अगदी जवळ होते. तिने झेंडा दोन्ही हातांनी उंच धरला आणि हलवत राहिली. कर्ण्यातून काही ओरडणे ऐकू आले. घरघर बंद पडली.

व्हर्ना धाटे बाजूला सारत आली, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"यंत्र इकडंच वळणार होतं, माहितेय?" ती म्हणाली. "तुम्ही तर म्हणालात, मस्त चाललंय!"

"हो," लोवेल म्हणाला. "म्हणजे, आता ठीक आहे. आभारी आहे. तुम्हाला उगाच त्रास."

गाडीत बसताच ब्रिनने आपला फोन उचलला. मरीटचे, म्हणजे तिच्या आईचे, फोन एकामागून एक येऊन गेले होते. लोवेल म्हणाला, "सांग, रस्त्यात गर्दी आहे."

ब्रिनने फोन कानाला लावला. "आई, आम्ही ठीक नव्हतो. मक्यात हरवलो होतो. मला थोडं लागलंय, फार नाही. बाबा घाबरलाय. आता येतोय."

सारा रस्ता त्याने गाडी वेगमर्यादेच्या आत चालवली. फाट्यावर पोचले तेव्हा पेट्रोल पंपाचे दिवे लागले होते आणि मरीट गाडीबाहेर, हात काखेत आवळून उभी होती. तिने आधी मुलीचा गाल पाहिला, मग लोवेलचा चेहरा, आणि तिच्या तोंडी आलेले शब्द तिने गिळले असावेत.

"लोवेल, तू बरा आहेस ना?"

"हो हो. एकदम ठीक."

मरीटने मान हलवली, ब्रिनची पिशवी घेतली आणि ती गाडीत जाऊन बसली. ब्रिन अजून उभी होती. मुलीला काही विचारायचे नाही, असे वकिलाने निक्षून सांगितले होते. लोवेलने विचारले.

"बुधवारी तू काय सांगणार आहेस?"

"सकाळपर्यंत ठरलं नव्हतं. पॅनकेक खाताना तर मी इथंच राहणार होते जवळजवळ."

"मग? उशीर झाला म्हणून?"

"उशिराचं काय, बाबा." तिने गालावरचे रक्त बाहीला पुसले. "झेंडा तुझ्या हातात होता. मी किती वेळा म्हटलं."

"पुढच्या वेळी मी..." लोवेल म्हणाला. "पुढच्या वेळी आपण घरीच थांबू. सोफ्यावर."

ब्रिनने त्याला मिठी मारली. बराच वेळ सोडले नाही. मग सोडले.

"मी आईबरोबर जाणार आहे," ती म्हणाली.