बसूच्या मुठीतला ठोकळा

मी एक लाल लाकडी ठोकळा बोलतोय. सुपारीपेक्षा थोडा मोठा, चारी बाजूंनी सारखा. मला कुणी खेळणं म्हटलं की राग येतो. मी तपासणीतला ठोकळा आहे.

चार शहरांतल्या डॉक्टरांनी मिळून एक संशोधन सुरू केलं होतं. काही मुलं वेळेवर बसत नाहीत, बोलत नाहीत, त्यांची समज वाढत नाही. त्यातल्या काहींच्या रक्तात जन्मापासूनच दोष असतो, तो शोधायचा होता. एका तालुक्यातली दोन-चार मुलं पाहून काही उलगडत नाही, म्हणून सोलापूर, पुणे, हैदराबाद आणि बेळगावच्या डॉक्टरांनी सगळी माहिती एकत्र करायची ठरवली. तपासणी सगळीकडे एकसारखी हवी, म्हणून आम्ही ठोकळेही एकाच मापाचे आणि एकाच रंगाचे. माझ्या बरोबर रंगवलेली भावंडं आज हैदराबादेत तेलुगू ऐकत असतील.

माझ्या वाट्याला सोलापूर आलं आणि वैजयंतीताईंची पिशवी. ताई गावोगाव फिरायच्या, मुलापुढे आम्हाला एकावर एक रचायच्या आणि मूल काय करतं ते बघायच्या. मुलांचं सोडा, मोठी माणसं बघण्यासारखी असायची. बाप श्वास रोखून बसायचा. आई हळूच मुलाचा हात ढकलायची, "ठेव की रे, घरी ठेवतूस की!" घरी ते मूल काहीच ठेवत नसायचं. पण आपलं लेकरू नापास व्हावं असं कुठल्या आईला वाटतं?

मैंदर्गी गावात रुद्रप्पाच्या घरी गेलो तेव्हा त्याचा बसू चार वर्षांचा होता. मान अजून डुलत होती, तोंडातून लाळ गळत होती. त्याची आई महेश्वरी गरोदर होती. चहाची कपबशी घेऊन सासू शिवबाई समोरच बसली.

ताईंना एक प्रश्न विचारायला नेहमी संकोच वाटायचा. त्यांनी घसा खाकरला. "लग्न नात्यातलं आहे का?"

शिवबाई हसलीच. "व्हय की! लेकीची लेक केली म्या सून. रुद्रप्पा तिचा सख्खा मामा. ती मला अजून आज्जीच म्हनती. आमच्यात लई चालतं."

ताई सुटल्यासारख्या हसल्या आणि पुढचा प्रश्न त्यांनी सहज विचारला. "बसूच्या आधी मूल होतं का?"

"एक पोरगी व्हती. तापानं गेली," शिवबाई म्हणाली. "तशी धडधाकट व्हती. रांगत व्हती की."

महेश्वरीचा हात बसूच्या पाठीवर फिरत होता, तो थांबला. मी तेव्हा बसूच्या मुठीत होतो, म्हणून मला ते दिसलं. ताई खाली बघून लिहीत होत्या.

मग रक्त घेतलं. ताई म्हणाल्या, "ज्या घरात दोन मुलं अशी झालीत, त्यांचं रक्त आधी पाठवतात. तुमचा नंबर जरा मागे लागेल. तरी बाळंतपणाच्या आत उत्तर येईल, अशी आशा धरू या." निघताना त्या मला घ्यायला लागल्या, तेव्हा बसूनं असा आकांत केला की त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे त्याला. माझ्याकडे जादाचे आहेत." अशी माझी नोकरी सुटली.

घरात राहिलो आणि खरं काय ते कळलं. बसूला पेज भरवताना महेश्वरी गेलेल्या लेकीचं नाव घेऊन पुटपुटायची, "दानम्माअक्काबी तुज्यावानीच बघायची रं. मान न्हाय धरली तिनं." शिवबाई तिला दटावायची. वाईट बाई नव्हती हो ती. रात्रभर बसूला मांडीवर घेऊन तीच बसायची. पण तिच्या धाकट्या लेकीचं, पिंकीचं, लग्न ठरत होतं. एक नातू असा निघाला तर लोक नशीब म्हणतात. दोन निघाले की घराण्यात दोष म्हणतात आणि सोयरीक मोडते.

सोयरीक मोडली नाही. पिंकीला तिच्या सख्ख्या आत्याच्या घरी दिली. जेवणावळ झाली, बसूला मागच्या खोलीत ठेवलं होतं.

महेश्वरीला मुलगी झाली. गोरीपान. पहिले काही महिने सगळे तिच्याकडे बघून हसत होते. मग हसणं थांबलं. तिनंही मान धरली नाही.

त्यानंतर वैजयंतीताई आल्या. या वेळी पिशवीत ठोकळे नव्हते. बसूच्या रक्तातला दोष सापडला होता. दुधातलं काहीतरी या मुलांना पचत नाही, ते मेंदूत साचत जातं. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल असं होतं, आणि नात्यातल्या लग्नात तो दोघांत लपलेला असू शकतो. जन्मल्या दिवसापासून वेगळं दूध दिलं तर मूल चांगलं वाढतं. ताई हे सांगत होत्या आणि झोळीतल्या मुलीकडे बघत होत्या. "आता सुरू करू. पुढचं नुकसान थांबेल. झालेलं परत येणार नाही."

शिवबाईनं कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "दानम्मा धडधाकट नव्हती, बाई. ह्येंच्यावानीच व्हती. म्या खोटं बोलले."

ताईंनी काही लिहिलं नाही. महेश्वरी मात्र तोंडात पदर कोंबून रडली. मला फार राग आला. शिवबाईचा आला, आणि सासूसमोर सुनेचं दुःख विचारणाऱ्यांचाही आला. तिला एकटीला बाजूला घेऊन एकदा विचारलं असतं तर?

"पिंकीला दिवस गेल्यात, आठवा सरत आलाय," शिवबाई एकदम म्हणाली. "तिचं रक्त घेशील का?"

"आजच. तिचं आणि नवऱ्याचं, दोघांचंही. बाळ जन्मायच्या आत कळलं तर वाचवता येईल. फोन लावा."

शिवबाईनं फोन लावला. "पिंके, ऐक. सोलापूरला यायचं तुमी दोघांनी. रक्त तपासाय. बसूचं आन दानम्माचं..."

पलीकडून पिंकीचा दबका आवाज आला, तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अव्वा, आत्या हितंच बसलीया. आसलं काय बोलू नगं." फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

ताई उद्या स्वतः जाणार म्हणाल्या आहेत. तिथेही चहा येईल, आणि कपबशी घेऊन सासू समोर बसेल.

बसूच्या दातांनी माझे कोपरे झिजलेत, रंग उडालाय. आता तो मला झोळीत टाकतो, बहिणीनं धरावं म्हणून. तिची बोटं मिटत नाहीत. मी तिच्या पोटावरून घरंगळतो आणि खाली पडतो. त्याला बोलता येत नाही, मला तोंड नाही. ज्यांना आहे त्यांनी तरी बोला. पिंकीला कुणीतरी सांगा हो, तिचे दिवस भरत आलेत.