कट्ट्यावरचं इरजण

“आजपासून ही संस्था माणसांच्या गरजेवर चालंल, चेअरमनच्या मर्जीवर न्हाई,” सोपानरावांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं आणि त्याच दमात शिपायाला सांगितलं, की खुर्ची पंख्याखाली घे, चेअरमनला उकडतंय.

न्हावऱ्यापासून कोसभर आत चिंचवस्ती. तिथल्या दूध संस्थेचे सोपानराव तिसऱ्यांदा चेअरमन. नुकतेच ते पुण्याला शिबिराला जाऊन आले होते. हॉल गार होता, जेवणात दोन गोडाचे पदार्थ होते आणि बोलायला टायवाला साहेब होता. साहेब म्हणाला, लोकांना काय पाहिजे ते विचारत बसू नका. लोक काय करतात ते बघा आणि मग संस्था बदला. सोपानरावांना हे फार पटलं. लोकांना विचारायचं नाही, हा अर्धा भाग तर ते पहिल्यापासून पाळत होते. राहिलं होतं बघायचं.

बघायचं काम तानुबाईकडं आलं. मंडळात बाईची जागा राखीव, म्हणून तिला घेतलेलं. नवरा वारलेला, दावणीला एक म्हैस. आजवर मंडळानं तिला “चहा घेणार का” यापलीकडं काही विचारलं नव्हतं.

“तानुवैनी,” सोपानराव म्हणाले, “तुम्ही रोज दूध घालाया येताच. जरा डोळं उघडं ठिवा. बायांना काय लागतं ते आमाला सांगा.”

तानुबाई घरी गेली ती पाय भुईला न लावता. तिनं म्हशीलासुद्धा सांगितलं, की आता संस्था आपल्या इचारानं चालणार हाय. म्हशीनं शेपूट हलवलं. मंडळात याहून जास्त दाद तिला कधी मिळाली नव्हती.

संस्थेच्या दारात शहाबादी फरशीचा एक कट्टा होता. सकाळी दूध मापून झालं की बाया तिथं टेकायच्या. घरात सासू, रानात कांद्याची खुरपणी. या दोन्हींच्या मधली एवढीच जागा काय ती बाईच्या मालकीची. कुणाचं दुखणं, कुणाच्या जावयाचं पिणं, सगळं तिथं निघायचं आणि तिथंच राहायचं. कुणाचं विरजण नासलं, तर चमचाभर तिथंच मिळायचं. तानुबाईच्या घरचं दही तर लग्न होऊन आली तेव्हापासून चांदबीच्या विरजणाचं. चांदबी मेहमूद शिंप्याची बायको, बोलायला तिखट. म्हणायची, “तुझं दही म्हंजी माझ्या दह्याची ल्येक. सासरी जाऊन आंबट झाली.”

तानुबाईनं नीट बघितलं आणि मंडळापुढं नीट सांगितलं. घरात रिकामी पोरं असली तरी दूध घेऊन बाया स्वतः येतात. किटली रिकामी झाली तरी हलत नाहीत. ऊन चढलं की पदर डोक्यावर घेतात, पण बसतात. तेव्हा वर चार पत्रे टाका, एक पाण्याचा माठ ठेवा. कट्ट्यावर काय बोलणं होतं, ते मात्र तिनं ओठाबाहेर काढलं नाही.

सोपानरावांचे डोळे भरून आले. बायांचे हे हाल आपल्याला आजवर दिसले नाहीत, असं म्हणून त्यांनी विचारलं, बायांचे कष्ट वाचवायला कोणाकोणाची मंजुरी? सगळ्यात आधी हात तानुबाईचा वर गेला.

आठवड्यात पत्रे आले. तानुबाई घरोघर सांगत सुटली, “आपला पत्रा आला गं, मी सांगितलेला.” मग कट्ट्यावर विटा आल्या. मग शटर आलं. शटरवर सोपानरावांच्या पुतण्याचं, मच्छिंद्रचं, नाव आलं आणि खाली ‘पशुखाद्य मिळेल’. जिथं बाया इतका वेळ थांबतात तिथं दुकान तुफान चालेल, हे सोपानरावांनी बघितलं होतं. आणि बायांचे कष्ट वाचावेत म्हणून दारोदार दूध गोळा करायला टेम्पो सुरू झाला. एका बघण्यातून दोन सुधारणा निघाल्या.

तानुबाई चांदबीकडं गेली. चांदबी चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“तू आमच्यात बसून आमच्याकडंच बघत व्हतीस व्हय?”

“मी पत्रा मागितला व्हता, चांदबी.”

“मला काय पायजे ते मला इचारायचंस की. मी काय म्हस हाय, लांबून बघाया?”

सोपानरावांनी तानुबाईला फसवलं, हे सगळी वस्ती समजून घेत होती. पण तिनं चांदबीला फसवलं, हे फक्त चांदबीला कळलं होतं, आणि आता तानुबाईला.

पुढं रोज टेम्पो यायचा, हॉर्न वाजवायचा. बाया आपापल्या दारात दूध ओतायच्या आणि आत जायच्या. चांदबी तर तानुबाईच्या दाराकडं पाठ करूनच किटली पुढं करायची. वैशाखात तानुबाईचं दही नासलं, तार धरली. विरजण मागावं असं दार तिच्यासाठी एकच होतं, आणि तिथवर पाय जात नव्हते.

एका संध्याकाळी सोपानराव स्वतः तिच्या अंगणात आले. बाजेवर टेकले. चेहरा उतरलेला. मच्छिंद्रच्या दुकानात कुत्रं फिरकत नव्हतं; पेंडीच्या पोत्यांना घुशी लागल्या होत्या.

“काय कळंना बघा, वैनी. येवढ्या बाया थांबायच्या, आन् दुकान टाकल्यापासनं एक येत न्हाई.”

“टेम्पो दारात येतोय, आबा. कशाला येत्याल?”

सोपानरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. एवढं त्यांच्या बघण्यात आलं नव्हतं.

“मग आता तुम्हीच परत बघा आन् सांगा. लोकांची गरज काय हाय? तुम्ही म्हणाल तसं करू. टेम्पो बंद करू, शटर काढू. पायजे तर ठराव घिऊ.”

तानुबाई उठली. आता ही काय बोलते म्हणून सोपानराव सावरून बसले. ती आत गेली आणि घासलेली वाटी घेऊन बाहेर आली.

“तुमच्यासाठी बघितलं, त्यात माझं माणूस तुटलं, आबा. आता मी कुणाकडं बघायची न्हाई,” ती म्हणाली. “लोकांचं ऱ्हाऊ द्या. माझं इरजण नासलंय. चांदबी मला देईल का न्हाई, ठावं न्हाई, पर तुम्हाला न्हाई म्हणायची न्हाई. चमचाभर आणून द्या. आन् बिगीनं जावा, दिवं लागल्यावर इरजण देत न्हाईत.”