बिलांची तार

मित्रांनो, मला स्वतःचं असं नाव नाही. लाकडी बैठकीत उभी रोवलेली एक वीतभर जुनी तार, एवढीच माझी ओळख. दुकानात आलेलं बिल माझ्या टोकात खोचून खाली सरकवतात, म्हणून सगळे मला ‘बिलांची तार’ म्हणतात.

१९८१ साली सोनगीरच्या झुलाल तांबटाने मला घडवलं. धुळ्याचे लालचंदशेठ आपल्या भांड्यांच्या दुकानासाठी त्याच्याकडून पितळी हंडे नेत असत. हंड्यांबरोबर मला त्यांच्या हाती देत तो म्हणाला, “शेठ, हाई मन्हाकडथून भेट शे. बठ्ठा कागद एक जागे ऱ्हातीन.” शेठजींचे सगळे कागद आता एका जागी राहणार होते.

सोळा वर्षं मी शेठजींच्या उजव्या हाताशी उभी होते. आलेल्या गिऱ्हाइकाला ते कौतुकाने सांगत, “कुठलाही कागद मागा, ही बाई लगेच काढून देते.” ते ऐकून मला फार बरं वाटे.

१९९७ च्या उन्हाळ्यात शेठजी अचानक वारले आणि त्यांच्या पत्नी प्रेमकुंवरबाई गादीवर बसू लागल्या. घाऊक माल आता शेठजींचे थोरले भाऊ लखीचंदशेठ पाठवत. मालाबरोबर बिल नसे, नुसती चिठ्ठी असे. ‘ताटं दोन डझन, तांबे चाळीस.’ ना नंबर, ना सही. बाई त्या चिठ्ठ्या माझ्यावर खोचत राहिल्या. पुढे पुढे मला काउंटरखाली सरकवलं गेलं. तिथे उंदरांनी माझे कागद कुरतडले. मला काहीच करता आलं नाही.

मग १९९९ चा हिवाळा आला. देशभर विक्रीकराची जुनी पद्धत जाऊन नवी येणार, अशा बातम्या पेपरात झळकू लागल्या. गल्लीत दुसरा विषयच उरला नाही. कुणी म्हणे, बिल नसलेला माल जप्त होणार. कुणी म्हणे, व्यापाऱ्यांच्या घरातली भांडीसुद्धा मोजणार. बाई ऐकत, आणि त्यांचा चेहरा उतरत जाई. दारात जीप थांबली, तरी करवाले आले असं वाटून त्या दचकून उभ्या राहत.

एका दुपारी लखीचंदशेठ आले. बाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला. जेठांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सुनेने बोलायचं नाही, ही त्या मारवाडी घरची रीत. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, तरी त्यांनी बाईंचा आवाज ऐकला नव्हता.

“बिनणी,” सुनेला हाक मारत ते म्हणाले, “हे आता बाईमाणसाच्या आवाक्यातलं नाही. निम्म्या भावात का होईना, सगळा माल मला देऊन टाक. मोकळी हो.”

बाईंनी हो की नाही ते कळणार नाही अशी मान हलवली. ते गेल्यावर त्यांनी मला बाहेर ओढलं. घाईत माझं टोक त्यांच्या बोटात घुसलं आणि रक्त आलं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या एकेक कागद उलटत होत्या आणि मी गारठून गेले होते. दुकान गेलं, तर माझी जागा भंगारात!

दुसऱ्या दिवशी भांडी व्यापाऱ्यांची सभा होती. बाईंनी कागदांसकट मला कापडी पिशवीत घातलं आणि त्या गेल्या. सभेत दुसरी बाई नव्हती. जळगावहून आलेले करसल्लागार पंडितभाऊ समजावून सांगत होते, “नव्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर कर लागेल. पण मालावर आधी भरलेला कर वजा मिळेल. कुणाला? ज्याच्याकडे खरेदीचं पक्कं बिल आहे, त्याला.”

सभा संपल्यावर बाई पुढे झाल्या. त्यांनी मला टेबलावर ठेवलं. “भाऊ, माझ्याकडे एवढंच आहे. मला धरून नेतील का?”

पंडितभाऊंनी कागद चाळले. “अक्का, नवा कर लागू व्हायला अजून वेळ आहे. घाबरून माल विकू नका. पण या चिठ्ठ्यांचा काही उपयोग नाही. दुकानाची नोंदणी कुणाच्या नावावर आहे?”

“यांच्याच.”

“शेठजींना जाऊन दोन वर्षं झाली ना? मग आधी ती तुमच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. दुकानात आज काय काय आहे, त्याची यादी लिहा. शेठजींची पक्की बिलं वेगळी काढा. आणि यापुढे बिलाशिवाय एक चमचासुद्धा घेऊ नका.”

शेवटचं वाक्य ऐकून बाईंनी माझी बैठक घट्ट धरली. माल देणारे एकच होते, आणि त्यांच्याशी तर बोलायचंच नव्हतं.

चार दिवसांत त्यांनी अर्ज दिला. यादीसाठी प्रत्येक वाटी मोजली. पाचव्या दिवशी लखीचंदशेठ टेम्पोबरोबर स्वतः आले आणि चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही. पदराआडून आवाज आला, “जेठजी, पक्कं बिल द्या. नाहीतर माल नको.”

 लखीचंदशेठांचा चेहरा लाल झाला. “मला बिल मागतेस? घरच्या माणसाला?” त्यांनी भरलेला टेम्पो तसाच परत नेला.

लग्नसराईचे दिवस होते. फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. गिऱ्हाइकं हंडे मागत आणि रिकाम्या हाताने परतत. अकरा दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. आपण चुकलो, असं त्या माझ्याकडे बघत पुटपुटत. त्यांना धीर द्यायला मला वाचा नव्हती.

बाराव्या दिवशी लखीचंदशेठ पुन्हा आले. एकटेच. स्टुलावर बसून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“बिनणी, तुला पक्कं बिल कुठून देऊ?” ते हळूच म्हणाले. “वरून मलाच कुणी देत नाही. बापाच्या काळापासून आमचं चिठ्ठ्यांवरच चाललंय. महिनाभर मला झोप नाही. तुझ्याकडे माझा बिनबिलाचा माल सापडला तर मीही अडकेन, तो परत हाती यावा, म्हणून तुला भीती घातली.”

 बाईंनी मला उचललं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. माझ्यावर उंदरांच्या तावडीतून वाचलेली, महिनावार लावलेली शेठजींची बिलं होती. “आधी ही अशी वेगळी काढायची,” त्या म्हणाल्या. “पंडितभाऊ सोमवारी येणार आहेत. तुम्हीही चला.”

सोमवारी लखीचंदशेठ पंडितभाऊंना भेटले आणि वरच्या व्यापाऱ्याकडे पक्कं बिल मागू लागले. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून दोन डझन ताटं आली आणि सोबत नंबर, तारीख, सही असलेलं बिल. बाईंनी ते दोनदा वाचून माझ्यावर लावलं.

मित्रांनो, आता २००० साल उजाडलंय, पण तो नवा कर अजून आलेला नाही. बाईंची भीतीही सरलेली नाही. दारात जीप थांबली की त्या अजून दचकतात. पण आता उठून उभ्या राहत नाहीत. म्हणून माझी एवढीच विनंती, घरातले कागद चुरगाळून फेकू नका, आणि मला काउंटरखाली ढकलू नका. तिथे फार अंधार असतो, आणि उंदीर असतात.