नावानं हाक

ट्रक दादाच्या पाठीवर आला आणि मी किंचाळले.

"दादा!"

सगळं काम थांबलं. ट्रक तर आधीच थांबला होता, दादापासून चांगला लांब, रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाच्या सावलीत, अगदी ठरल्याप्रमाणे. दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. "बाई, तुम्ही कॅमेरा शिकायला आलात की गळा काढायला? पुन्हा ओरडलात तर सरळ घरी."

माझा भाऊ सिनेमात मारामारी आणि उड्यांची कामं करतो. हीरोऐवजी पडतो, हीरोऐवजी भाजतो आणि घरी आईला सांगतो, आज नुसता उभा होतो. त्याच्याच ओळखीनं मी कॅमेरामनच्या हाताखाली शिकते. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांनी आधी मला नुसत्या लेन्सा पुसायला लावल्या. मग उजेड कुठून येतो ते बघायला शिकवलं, मग चौकटीत माणसाच्या डोक्यावर किती जागा सोडायची ते. आज पहिल्यांदाच म्हणाले, "बस कॅमेऱ्यावर. हलवायचं काही नाही, नुसतं बघायचं." आणि नेमका आजच समोर माझा भाऊ.

शॉट असा: दादा रस्त्याच्या मधोमध, तोंड आमच्याकडे. मागून हॉर्न वाजवत ट्रक येतो. दादानं वळून बघायचं नाही.

"अगं वेडे," काका म्हणाले, "ही लांबची लेन्स. मधलं अंतर गिळून टाकते, म्हणून तर लावलीय. ट्रक तिकडे झाडाखाली थांबला तरी पडद्यावर वाटतं, चिरडलाच याला. लोकांना घाबरवायचंय, तू कशाला घाबरतेस? आणि डावा डोळा का मिटतेस गं? उजवा कॅमेऱ्याला, डावा बाहेर. उघडा ठेवायचा."

दादा चालत आला आणि त्यानं माझी वेणी ओढली. "घाबरट! आता दादा दादा करून कितीही बोंबललीस तरी मी हलणार नाही. खरंच काही झालं तर नावानं हाक मार."

"काहीतरीच! तुला नावानं?"

"म्हणून तर. उगाच मारणार नाहीस."

तो हसत जागेवर गेला. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. याला सगळ्याची थट्टाच सुचते.

दुसऱ्यांदा सुरुवात झाली. बाकी सगळे मॉनिटरभोवती गोळा झाले, काकासुद्धा. मी दात आवळून उजवा डोळा लावला. चौकटीत दादाचा चेहरा, त्याच्यामागे ट्रकची नुसती जाळी. ती फुगत गेली. हॉर्न वाजत होता, पण तो मघाशीही वाजला होता. जाळी दादाच्या खांद्यांना टेकली. तीही मघाशी टेकली होती. ओरडायचं नाही, मी स्वतःला बजावलं. डावा डोळा सारखा मिटायला बघत होता, मी तो बळेच उघडा ठेवला.

त्या डोळ्याला झाड दिसलं. सावली दिसली. ट्रक सावलीत शिरला, त्याची काच काळी झाली. आता थांबेल. आणि काच उन्हात लखकन चमकली.

ट्रक सावलीतून बाहेर आला होता.

उजव्या डोळ्याला काहीच बदललं नव्हतं. मॉनिटरपाशी कुणीतरी "वा!" म्हणालं. मी कॅमेरा सोडून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थोरल्या भावाला नावानं हाक मारली. घसा फाटेस्तोवर.

त्यानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. बाजूला झेप घेतली. तो उभा होता त्या जागेवरून ट्रक गेला आणि पुढे मातीच्या ढिगाऱ्यात घुसला. ड्रायव्हर उतरून धावत आला. "ब्रेक लागलाच नाही हो, हॉर्न दाबत होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी दादाच्या हातापायांना हात लावून बघितलं. कोपर सोलवटलं होतं, बाकी सगळा जागेवर होता. मग मी तिथेच रस्त्यावर बसले.

नंतर काकांनी दोन्ही शॉट लावून बघितले. झेप घेईपर्यंत दोन्ही सारखेच. कुठल्यात माझा भाऊ मरणार होता, ते त्यांनाही सांगता येईना.

दादाला अक्कल किती, तर झेपेच्या आधी तोडलेला तो तुकडा त्यानं मोबाइलवर घेतला आणि घरी आईला दाखवला. आईनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई! हे खोटं असतं ना रे?"

"लेन्सची गंमत आहे, आई," दादा म्हणाला. "ट्रक कुठल्या कुठे होता. विचार हिला."

"हो," मी म्हटलं.

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं पुन्हा लावायला सांगितलं, मोबाइल कानाजवळ धरला आणि शेवटी एकदम माझ्याकडे वळली.

"हा तुझा आवाज ना? थोरल्या भावाला नावानं हाक मारतेस? चारचौघांत? हेच शिकतेस का तिथं?"

मी दादाकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्याला थट्टा सुचली नाही. तो कोपरावरची पट्टी चाचपत होता.

"मारू दे गं तिला," तो हळूच म्हणाला.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "पुन्हा ऐकू येता कामा नये."

"नाही मारणार, आई," मी म्हटलं. मग तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला.