पंपाच्या आधी की पंपानंतर

माझे बाबा आणि काका सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण जमीन नव्हतं, घर नव्हतं, माझी आई किंवा काकूही नव्हती. कारण फिल्टर होतं.

दोघांचं गॅरेज एकच. पाने एकच, जॅक एकच, चहाचा थर्मासही एकच. बोलायचं झालं की मला मध्ये घ्यायचे. मी गॅरेजात वायरिंगचं काम करते, पण दिवसातले तीन तास निरोप पोचवण्यात जायचे.

"तुझ्या काकाला म्हणावं, सतराचा पाना दे."

काका हाताच्या अंतरावर. "तुझ्या बापाला म्हणावं, डोळे उघडले तर दिसेल, त्याच्याच मांडीखाली आहे."

मी सांगायचे, "बाबा, पाना तुमच्याजवळच आहे." मधला कचरा मी काढून घ्यायचे.

भांडण आत्याच्या गाडीवरून झालं. आत्या दोघांची थोरली बहीण. लोकांना गाडी शिकवते, तेवीस वर्षं एकाच गाडीवर. शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असलेली ती गाडी. सहा वर्षांपूर्वी तिच्या इंजिनावरचा जुना पंप गेला आणि त्याचे सुटे भाग कुठेच मिळेनात, म्हणून इलेक्ट्रिक पंप बसवायचं ठरलं. पंप मागे, टाकीला लागून, खालच्या अंगाला बसवायचा, यावर दोघांचं एकमत होतं. तो पंप पेट्रोल ढकलतो झकास, ओढायला मात्र आळशी. मग बाबा म्हणाले, "फिल्टर पंपाच्या आधी. टाकी म्हातारी आहे, आत गंज आहे. गंज पंपात गेला की पंप खलास."

काका म्हणाले, "आधी फिल्टर लावलंस तर पंपाला ओढताना धाप लागेल. फिल्टर पंपानंतर, कार्बोरेटरच्या तोंडाशी."

"मग पंपाचं रक्षण कोण करणार, तू?"

"आणि कार्बोरेटरचं? तुझी ती चहाची गाळणी?"

बाबांचं फिल्टर जाड जाळीचं होतं, काकांचं बारीक कागदाचं. चहाची गाळणी हा शब्द बाबांच्या जिव्हारी लागला. त्यांनी काकांच्या फिल्टरला नाक पुसायचा कागद म्हटलं. त्यानंतर सहा वर्षं शांतता.

त्या दिवशी बाबांनी आपलं फिल्टर पंपाच्या आधी बसवलं. ते जेवायला गेले तेव्हा काकांनी आपलं पंपानंतर बसवलं. गाडी सहा वर्षं एकदाही बंद पडली नाही. बाबा म्हणायचे, बघा माझं फिल्टर. काका म्हणायचे, बघा माझं. दोन्ही आहेत म्हणून चालतेय, ही शंका त्या गॅरेजात फक्त मला होती, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

तर आत्याचं लग्न ठरलं. वय बावन्न. नवरदेव घड्याळवाले, वय पंचावन्न, चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. अकरा वर्षांपूर्वी ते आत्याकडे गाडी शिकायला आले. गाडी अजून येत नाही. नोंदणी कार्यालय चढाच्या पलीकडच्या गावात, वेळ साडेअकराची. नोटिशीची तीन महिन्यांची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि कार्यालय त्या दिवशी बारालाच बंद होणार होतं. बारा चुकले की पुन्हा अर्ज, पुन्हा तीस दिवस.

"तीस दिवस मिळाले तर मी विचार करीन," आत्या म्हणाली. "आणि विचार केला तर मी लग्न करणार नाही. मला माझा स्वभाव माहितीये."

आदल्या दिवशी दुपारी ती गॅरेजात आली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली. साक्षीदार हेच दोघे, आणि तिसरी मी.

"मला आहेर नको," ती म्हणाली. "उद्याचा एक दिवस एकमेकांचं ऐका. बास."

"तिला सांग, ऐकीन," बाबा मला म्हणाले.

"आत्या समोर उभी आहे, बाबा."

"मग तिला ऐकू आलं असेल."

सकाळी निघालो. आत्या चालवत होती, शेजारी बाबा, मागे काका आणि मी. घड्याळवाले पहिल्याच बसने पुढे गेले होते, उशीर नको म्हणून. काका काही बोलले की बाबांचा पाय आपोआप दुसऱ्या ब्रेकवर जायचा, त्यामुळे पहिले दोन किलोमीटर आम्ही उड्या मारत गेलो.

"पाय काढ," आत्या म्हणाली. "शिकाऊ माणसं बरी तुझ्यापेक्षा."

अर्ध्या चढावर गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. दहा वाजून पन्नास मिनिटं. चढावर चिटपाखरू नाही, फोनला रेंज नाही. मी चावी फिरवून कान दिला. मागून पंपाची टकटक यायला हवी होती. आली नाही.

"करंट आहे," मी तपासून म्हटलं. "पंपच अडकलाय."

मी गाडीखाली शिरले. टाकीतून नळी निघाली होती आणि थेट पंपात गेली होती. मध्ये काही नव्हतं. पंपातून नळी निघून पुढे गेली होती. उठून बॉनेट उघडलं. तिथेही नळी थेट कार्बोरेटरला. तिथेही काही नव्हतं.

"फिल्टरं कुठे गेली?" मी विचारलं.

दोघेही डोंगराकडे बघायला लागले. डोंगर बघण्यासारखा नव्हता.

आत्याने हँडब्रेक ओढला, दार उघडून खाली उतरली. "खिसे."

बाबांनी कोटाच्या खिशातून जाड जाळीचं फिल्टर काढलं. "त्याचं म्हणणं होतं पंपाच्या आधी काही नको. आज त्याचं ऐकायचं होतं. पहाटे काढलं."

काकांनी पॅंटच्या खिशातून कागदाचं फिल्टर काढलं. "दादाचं म्हणणं होतं नंतर काही लागत नाही. मीही पहाटेच. तो अंघोळीला गेला तेव्हा."

दोघांनीही नळ्या अगदी नीट जोडल्या होत्या. कामात खोट काढायला जागा नव्हती.

आत्या रस्त्याकडेच्या दगडावर साडी सावरून बसली आणि म्हणाली, "मी आता विचार करायला लागले आहे."

हे ऐकून दोन्ही भाऊ जे हलले, ते मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. बाबा पाठीवर झोपून गाडीखाली सरकले, नव्या कोटासकट. पंप खोलला. झडपेत गंजाचा तुकडा अडकला होता, डाळीच्या दाण्याएवढा. पुढे काकांनी कार्बोरेटरचा जेट काढला. त्याच्या सुईएवढ्या भोकात लाल पूड बसली होती. मी तार पुढे केली.

"तार नको, भोक मोठं होतं," काका म्हणाले आणि तोंडाने फुंकर मारली. पुढून काका पेट्रोल थुंकत होते, मागून बाबा. लग्नाला निघालेली माणसं वाटत नव्हती.

"अकरा दहा," आत्या दगडावरून म्हणाली. "त्यांच्यात दोष काही नाही. पण ते जेवताना घास मोजतात."

बाबांनी घाईघाईने जाड जाळी पंपाच्या आधी बसवायला घेतली. काका कागदाचं फिल्टर पुढे जोडून मागे आले, वाकले आणि थबकले. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मी निरोप घ्यायला तयार झाले.

"दादा," काका थेट गाडीखाली म्हणाले, "बाण उलटा आहे."

फिल्टरवर पेट्रोलच्या दिशेचा बाण असतो. गाडीखालचा खडखडाट थांबला. मग बाबांचा आवाज आला.

"आहे खरा."

त्यांनी तो सुलटा केला. काकांनी नळीवरची पट्टी धरली, बाबांनी स्क्रू आवळला. मी चावी फिरवली. टक, टक, टक, आणि पेट्रोल भरलं तशी टकटक संथ झाली. आत्या दगडावरून उठली.

"घास मोजले तर मोजले," ती म्हणाली. "बसा."

अकरा त्रेपन्नला आम्ही कार्यालयात शिरलो. कारकुनाने वास घेतला आणि टेबलावरची लाख वितळवायची मेणबत्ती विझवून ड्रॉवरमध्ये टाकली.

"तेवीस मिनिटं उशीर," घड्याळवाले म्हणाले. त्यांचे डोळे मात्र ओले होते. अर्थात, आमच्या अंगाला येणाऱ्या पेट्रोलच्या वासाने सगळ्यांचेच होते.

आत्याने सही केली, त्यांनी केली, तिसऱ्या साक्षीदाराच्या ओळीवर मी केली. फॉर्मच्या दोन प्रती होत्या, प्रत्येकीवर उरलेल्या दोन साक्षीदारांच्या दोन ओळी. कारकुनाने एक प्रत बाबांना दिली, एक काकांना. दोघांनी पाठ वळवून सही केली आणि प्रती परत दिल्या.

"पहिली ओळ रिकामी आहे," कारकून म्हणाला. मग दुसरी प्रत बघितली. "हिच्यावरही."

"पहिला मान त्याचा," बाबा म्हणाले.

"थोरला दादा आहे," काका म्हणाले.

अकरा सत्तावन्न. कारकुनाने ड्रॉवरला किल्ली लावली.

"हात जोडते," आत्या म्हणाली, "आता एकमेकांचं ऐकणं बंद करा. प्रती बदला."

त्यांनी प्रती बदलल्या. आता दोघांनाही पहिल्या ओळीखेरीज जागाच नव्हती. एका प्रतीवर बाबा आधी, दुसरीवर काका आधी. बाराला एक मिनिट असताना शिक्का पडला. घड्याळवाल्यांनी कार्यालयाचं घड्याळ दोन मिनिटं मागे असल्याचं सांगायला तोंड उघडलं. आत्याने त्यांच्या पायावर पाय दिला, ब्रेकवर देते तसा.

परतीच्या वाटेवर नवरा-नवरी पुढे, मी मागे दोघांच्या मध्ये.

"शेवटी पंप वाचवला तो माझ्या फिल्टरने," बाबा काकांना म्हणाले.

"जेट माझ्याने वाचला. तुझ्या गाळणीतून अख्खा डोंगर गेला असता."

"नाक पुस तुझ्या कागदाने."

चढ उतरेपर्यंत ते माझ्या डोक्यावरून भांडत होते, थेट, एकही निरोप न पाठवता. मला काही कामच उरलं नव्हतं. मी पंपाची टकटक ऐकत बसले.