आन्सेल्मची ओली चादर

मी एक चादर बोलतेय. चादर म्हणण्यासारखं माझ्यात आता फारसं उरलेलं नाही. पण कोपऱ्यातली लाल धाग्याची अक्षरं बघा. ओदिलनं लग्नाआधी स्वतः भरली होती. तिनं माहेरून आणलेल्या चादरींत मी सगळ्यांत जाड. तेच मला नडलं.

तिचा नवरा आन्सेल्म शिल्पकार. पॅरिसच्या एका बोळात, जुन्या तबेल्यात त्याचं काम चाले. माती वाळली की तडकते, म्हणून पुतळा ओल्या कापडात गुंडाळून ठेवावा लागतो. एका संध्याकाळी त्यानं मला पलंगावरून ओढलं, बादलीत बुडवलं आणि मातीवर टाकलं. ओदिल तेव्हा सूप ढवळत होती. ती काय बोलली ते मी सांगणार नाही.

पुतळा त्याच्या आईचा होता, द्राक्षांची करंडी खांद्यावर घेतलेला. आई गावी राहायची आणि तिची नजर अधू होत चालली होती. डोळे आहेत तोवर पुतळा बघायचा, एवढीच तिची इच्छा.

पण आन्सेल्मचं काम काही संपेना! रोज सकाळी मला बाजूला करायचा, नाक मोडायचा, नवं करायचा, संध्याकाळी पुन्हा मला पांघरायचा. माती ओली आहे तोवर चूक सुधारता येते ना! मला त्याची दया यायची आणि रागही. माझ्या ओलाव्याच्या जिवावर तो नुसता भीत बसला होता.

वसंतात गावाहून निरोप आला, आईला आता माणसं सावल्यांसारखी दिसतात.

त्या सकाळी ओदिलनं मला उचललं, पिळलं आणि अंगणात दोरीवर उन्हात टाकलं.

"अगं, काय करतेस? माती तडकेल!"

"मग बोलव त्या गास्पारला, साचा घ्यायला."

"अजून नाक..."

"तीन वर्षं नाक! तुला आख्खा घडवायला आईंना नऊ महिने पुरले!"

आन्सेल्म दोरीपाशी आला. माझं टोक हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग सोडलं आणि टोपी न घालताच बाहेर पडला.

गास्पार आला. मातीवर प्लास्टरचा साचा चढला, आतली माती कोरून काढली. तिचे गोळे पडताना आन्सेल्मनं पाठ फिरवली होती. रिकाम्या साच्यात प्लास्टर ओतलं, साचा फोडला आणि पांढरी आई उभी राहिली.

पुढच्याच आठवड्यात खरी आई आली. दारातच थबकली.

"दिसतेय रे! पांढरी फटक!"

मग जवळ जाऊन तिनं बोटांनी चाचपलं. "नाक माझंच मेलं, वाकडं. पण करंडी मी कायम डाव्या खांद्यावर घ्यायची रे."

आन्सेल्मचा हात सवयीनं पुढे गेला. प्लास्टर कसलं ऐकतंय! मग तोच आधी हसला. असं मोकळं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आता त्याच मातीतून ओदिल घडतेय, सुपाचा डाव हातात घेतलेली. मी पुन्हा चिंब आहे, कडा विरल्यात, तरी मजेत आहे. मला ओलं ठेवा, माझी काही तक्रार नाही. फक्त अंगणातली ती दोरी काढू नका.