शेवटच्या पानावरची मिठी

मित्रांनो, मी एक जुनी प्रेमकथा आहे, चौकटीचौकटींत चित्रं काढून छापलेली. माझ्या मुखपृष्ठावर खिडकीशी उभी असलेली एक मुलगी आहे. तिच्या ओढणीचा लाल रंग आता विटकरी झाला आहे, पण एके काळी तो लांबूनही डोळ्यांत भरायचा.

माझा जन्म छापखान्याच्या वरच्या खोलीत झाला. जाड चष्म्याचा एक चित्रकार टेबलावर वाकून मला रेखाटत होता. छापखान्याचे मालक त्याच्या खांद्यावरून डोकावले आणि वैतागले.

"अहो, मुलगी लगेच ‘हो’ म्हणते? मग उरलेली पानं कशानं भरायची? तिला ‘नाही’ म्हणू द्या. तो रागानं निघून जाईल, मग भर पावसात परत येईल. शेवटच्या पानावर मिठी!"

"पण तो आवडतो ना तिला? मग ‘नाही’ का म्हणेल?"

"मुली तसंच म्हणतात," मालक ठामपणे म्हणाले.

चित्रकाराने मुलीचे हसरे ओठ खोडले आणि तिची मान वळवली. मित्रांनो, माझ्या गोष्टीतला तो ‘नाही’ असा आला. पानं भरायची होती म्हणून.

पुढे मी एका दुकानात दोरीला लटकले. तिथून मला एका तरुण मुलीने घरी नेले. ती शर्ट शिवण्याच्या कारखान्यात बटणांसाठी काजे करायची. जेवणाच्या सुट्टीत ती मला पिशवीतून काढून मोठ्याने वाचायची. नायकाचा आवाज जाडा, नायिकेचा नाजूक. बायका घास तोंडात तसाच ठेवून ऐकायच्या. ‘नाही’चे पान आले की ती हनुवटी वर करायची, मान झटक्यात वळवायची आणि थांबायची. सगळ्याजणी खिदळायच्या. तिला सगळे ‘नायिका’च म्हणू लागले. मला किती अभिमान वाटायचा!

बटणे लावणारी मावशी मात्र नाक मुरडायची. "आवडतो तर तोंड कशाला फिरवते गं ही बया?"

"मावशी, तुला नाही कळायचं. लगेच हो म्हटलं तर किंमत राहत नाही."

त्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणारा एक मेकॅनिक होता. अबोल माणूस. नखांत कायम काळे तेल. काम सुरू होण्याआधी तो नायिकेच्या मशीनला तेल घालायचा आणि एका चिंधीवर काज करून बघायचा. ती चिंधी मशीनवरच राहायची. नायिका ती उचलून हळूच माझ्या पानांत ठेवायची. अशा कितीतरी चिंध्या माझ्यात साठल्या. तिच्या मनात काय आहे, हे सगळ्यांत आधी मला कळले ते असे.

एके दिवशी दोऱ्यांच्या फळ्यांजवळ त्याने तिला गाठले. मी तिच्या हातातच होते.

"मला नीट बोलता येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

तिने मला छातीशी धरले. मग तिने हनुवटी वर केली, मान वळवली आणि म्हणाली, "नाही."

तो एक पाऊल मागे सरला. "बरं. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल तर माफ करा." आणि गेला.

मित्रांनो, त्या संध्याकाळी ती गुणगुणत घरी गेली. आता तो परत येणार, याची तिला खात्री होती. दुसऱ्या दिवशीही मशीनला तेल घातलेले होते, पण चिंधी नव्हती. ती वाट बघत राहिली. एकदा पाऊससुद्धा आला. तो छत्री उघडून सरळ घरी गेला.

मावशी म्हणाली, "अगं, तूच जा ना. जाऊन बोल."

"मी कशी बोलू? असं कुठं असतं का?"

माझ्या एकाही चौकटीत ते नव्हते. काही महिन्यांनी त्याने दुसरीकडे काम धरले. पुढे त्याचे लग्न झाल्याचेही मावशीकडूनच कळले.

बरीच वर्षे गेली. एकदा बस थांब्यावर तो समोर आला. कडेवर लहानगी मुलगी होती, पेंगुळलेली.

"ओळखलंत का? मशीन कोण बघतं आता तुमचं?"

"नवा मुलगा आहे. तुमच्यासारखा नाही." मग ती हसली, पण ओठ नीट हसेनात. "तुम्ही परत विचारलंच नाहीत."

तो गोंधळला. "तुम्ही नाही म्हणाला होतात ना. तुमच्या शब्दाचा मान नको ठेवायला?"

"हो. बरोबर केलंत."

त्याची बस आली. मग तिची आली आणि गेली, तरी ती बसूनच होती. पिशवीत तिचा हात माझ्यावर होता. तिने मला फाडले असते तर बरे वाटले असते. तिने फाडले नाही. घरी जाऊन लोकरीच्या कपड्यांखाली, पेटीच्या तळाशी ठेवून दिले. तिथे माझ्या पिना गंजल्या, पानांना ओल लागली. माझी आठवण कोणी काढली नाही.

परवा तिच्या पुतणीने पेटी उपसली आणि मला तिथेच जमिनीवर बसून वाचले.

"आत्या, ही वेडी आहे का? आवडतो तर हो म्हण ना सरळ!"

आत्याचे केस आता पांढरे झाले आहेत. "तू म्हणशील?"

"म्हणजे काय! आणि नको असेल तर नको म्हणेन."

"मग ते ऐकणारा बघ," आत्या म्हणाली. "असतात तसे."

मग तिने माझ्या गंजक्या पिना उपटल्या आणि पक्क्या दोऱ्याने माझी पाठ शिवली.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना ओलीपासून जपा. आम्हाला वाचा, आमच्यासाठी रडासुद्धा. पण आमच्यातली माणसे कागदाची आहेत. त्यांना नाही म्हटले तरी पान उलटले की ती परत येतात. जिवंत माणसाला त्याहून जास्त जपा. तो तुमचा शब्द खरा मानतो आणि निघून जातो.